चिऱ्यावरची रेघ

मला शिसारी पटकन येते. चहाच्या कपाला राहिलेला ओठांचा रंग, एसटीच्या खिडकीखाली वाळलेली पिचकारी, पंगतीत कोणी पानाखाली सारलेला जिलबीचा तुकडा, काहीही पुरतं. आई म्हणायची, हिला देवाने नाक दिलं आणि पोट द्यायला विसरला. तेव्हा कोठीबद्दल मी जे सांगणार आहे त्यातला थोडा आंबटपणा माझा आहे, हे आधीच कबूल करून टाकते. उरलेला सगळा कोठीचा.

कोठी म्हणजे जकातीची कोठी. अलिबागहून रेवदंड्याचा पूल ओलांडून दक्षिणेला गेलं की एका खाडीच्या तोंडाशी आमचं गाव आहे. गावाच्या टोकाला, जिथे पूर्वी गलबतं लागायची तिथे, ही जांभ्या दगडाची दोन दालनांची बैठी इमारत. ती कोणी बांधली यावर गावात दोन तट आहेत आणि पुरावा दोघांकडेही नाही. जकात संपली, गलबतं संपली, मग तिथे चौथीपर्यंतची शाळा भरू लागली. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तिथेच शिकले. पुढे शाळा नव्या इमारतीत गेली आणि कोठीत लोक जाळी ठेवू लागले, नंतर शेळ्या बांधू लागले, नंतर शेळ्याही जाईनाशा झाल्या.

त्या शाळेतल्या मास्तरांची एक पद्धत होती. दसऱ्याला पाटीपूजन झालं की ते एकेका मुलाला खाडीकडच्या दाराशी बोलवायचे, दाराच्या चिऱ्याला पाठ लावून उभं करायचे, पूजा केलेली पाटी त्याच्या डोक्यावर आडवी धरायचे आणि पाटीच्या कडेने, होडीच्या खिळ्याने, दगडावर रेघ ओढायचे. शेजारी नावाचं पहिलं अक्षर. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. पोरगं वर्षभरात किती वाढलं ते बघून मास्तर त्याच्या बापाला निरोप धाडायचे, की याला जरा ताक-भात जास्त घाला. चिरा नवा असताना मऊ लागतो, जुना झाला तरी लोखंडाला दाद देतो. त्या दाराच्या दोन्ही अंगांना खालपासून छातीपर्यंत नुसत्या रेघा होत्या.

अण्णांना एक थोरला भाऊ होता. चौथीत असताना, दसरा झाल्यावर आणि दिवाळी यायच्या आत, तो तापाने गेला. त्याचा फोटो नाही. त्या काळी आमच्याकडे पहिला फोटो लग्नात निघायचा. त्याचे कपडे धाकट्यांनी घालून फाडले. पाटी फुटली. आजी गेली तेव्हा त्याचा चेहरा सांगू शकणारं शेवटचं माणूस गेलं, कारण अण्णा तेव्हा सात वर्षांचे होते आणि त्यांना भावाचे फक्त गुडघे आठवतात, खरचटलेले. उरली ती दारावरची चौथी रेघ. काकांच्या त्या वयापेक्षा मी आज पंचेचाळीस वर्षांनी मोठी आहे, तरी आमच्या घरात त्यांचा उल्लेख ‘मोठे काका’ असाच होतो.

दसऱ्याला सोनं थोरांना द्यायचं असतं. अण्णा आपट्याचं पहिलं पान देवापुढे ठेवायचे आणि दुसरं घेऊन कोठीवर जायचे. जांभ्याला अंगचीच भोकं असतात. मोठ्या काकांच्या रेघेच्या लगत असंच एक भोक होतं, त्यात ते पान खोचायचे, रेघेवर तळवा ठेवायचे, आणि परत फिरायचे. शाळामास्तर म्हणून कुठे कुठे बदल्या झाल्या, पण दसरा त्यांनी कधी चुकवला नाही. लहानपणी मीही बरोबर जायची. रेघ बरोबर त्यांच्या शर्टाच्या वरून तिसऱ्या बटणाशी यायची. ‘दादा माझ्या तिसऱ्या बटणाएवढा,’ असं ते म्हणायचे आणि हसायचे. मला तेव्हा ते फार विनोदी वाटायचं.

मग ते वादळ आलं. दिवेआगरपर्यंतच्या साऱ्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने झोपवल्या, आमचीही झोपवली, आणि कोठीचं अर्धं छप्पर उचलून खाडीत टाकलं. अण्णा माझ्याकडे अलिबागला राहायला आले. त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार इतका वाढला, की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन-तीन वर्षांत नजर जाईल, जे दाखवायचं ते दाखवून घ्या. घरी येऊन मी विचारलं, ‘अण्णा, काय बघायचंय? काशी? रामेश्वर?’ ते म्हणाले, ‘कोठीचं दार. दादाची रेघ एकदा नीट बघून घेतो, मग नजर गेली तरी चालेल.’

आणि अगदी तेव्हाच बातमी आली की कोठीचं जतन होणार, पर्यटनस्थळ होणार. अण्णांना ‘जतन’ या शब्दाचाच आनंद झाला. मला संशय आला. पण माझा संशय म्हणजे पाचवीला पुजलेला, म्हणून मी गप्प बसले.

पहिल्या दसऱ्याला गेलो तर कोठीला हिरवी जाळी गुंडाळलेली आणि भोवती पत्रे. फटीतून बघितलं तर सिमेंटच्या गोणी रचलेल्या. जिथे भट्टीत शिंपले भाजून केलेल्या चुन्यात भिंती उभ्या राहिल्या, तिथे सिमेंट! मी पत्र्याला वळसा घालून मागे गेले आणि तशीच नाकाला पदर लावून परत आले. कामगारांनी, गावाने आणि गावच्या कुत्र्यांनी मिळून मागची सगळी बाजू आपापल्या सोयीसाठी वापरली होती. त्यातच दारूच्या बाटल्या, त्यातच कोणा पर्यटकाच्या लेकराचा डायपर, गाठ मारून नीट ठेवलेला, जणू कोणी उचलून नेणार आहे.

‘आज बंद हाय,’ पत्र्याआडून एक माणूस बाहेर येत म्हणाला. पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी, कमरेला टॉवेल. आधी मासेमारीच्या बोटीवर होता, आता कोठीचा रखवालदार.

‘आज दसरा आहे,’ मी म्हटलं. ‘पाच मिनिटं आत सोडा. ह्यांना फक्त दार बघायचंय.’

‘दसरा हाय म्हनूनच बंद हाय. कामगार गेलंत. वरनं काय पडला तर जबाबदारी माझी.’

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढलं आणि पुढे धरून म्हणाले, ‘तुम्ही तरी हे आत...’ पुढचं त्या माणसाने ऐकलंच नाही. त्याने दोन्ही हातांत पान घेतलं, कपाळाला लावलं, अण्णांच्या पाया पडला आणि ‘सोन्यासारखं ऱ्हावा बाबा’ म्हणून पान आपल्या खिशात घातलं. आता दिलेलं सोनं परत कसं मागणार? मोठ्या काकांचं पान रखवालदाराच्या खिशात बसून राहिलं. परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ हसत होते. मी हसले नाही. मला तो डायपर दिसत होता.

दुसऱ्या दसऱ्यापर्यंत अण्णांच्या नजरेतलं मधलं सगळं गेलं होतं. कडेकडेचं दिसायचं, तेही उजेड चांगला असेल तर. कोठी अर्धी उघडली आहे असं कळलं होतं. म्हटलं, अर्धी तर अर्धी.

त्या उघडलेल्या अर्ध्या भागाचं काय सांगू! दारात फायबरची तोफ. तोफेवर तीन पोरं बसलेली आणि चौथं खालून तिच्या तोंडात वेफरचं पाकीट कोंबत होतं. तोफेशेजारी फायबरचा खलाशी, गुलाबी गालांचा, ओठांना लाली, एक हात वर करून उभा. त्या हातात कोणीतरी कणीस खाऊन उरलेलं बुरकुंड अडकवलं होतं. खाडीकडे तोंड करून लाल बदामाची ती पाटी, गावावर आपलं किती प्रेम आहे ते इंग्रजीत सांगणारी, आणि तिच्यापुढे फोटोसाठी रांग. आत गेलो तर पायाखाली गुळगुळीत चकचकीत टाइल्स, हॉस्पिटलमध्ये असतात तशा. चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरून वरून पांढऱ्या रंगाचे जाड पट्टे ओढलेले. जकातदाराचा दिवा ठेवायच्या कोनाड्यात विजेचे बोर्ड. वर खोटं छत, त्यात निळे दिवे. माहितीच्या फलकावर ‘या वास्तूला वैभवशाली इतिहास आहे’ एवढी माहिती. स्वच्छतागृहाला कुलूप, आणि कुलूप असल्यामुळे लोकांनी स्वच्छतागृहाच्या भिंतीचा बाहेरून लाभ घेतलेला. तो वास आतपर्यंत येत होता. एक बाई त्या वासात उभी राहून भेळ खात होती. मला तिच्याकडेही बघवेना आणि भेळेकडेही.

पण खरा कहर भिंतींचा होता. काम होऊन वर्षही झालं नव्हतं आणि हाताला पोचेल तिथपर्यंत नावं. किल्लीने, खिळ्याने, करेक्शनच्या पांढऱ्या पेनने. बदाम, बाण, फोन नंबर, अमक्याची तमकी, तालुका-जिल्ह्यासकट. एकाने तर आपण ज्या दिवशी आलो तो दिवस खोदून खाली ‘फुल धमाल’ असं लिहिलं होतं. एवढ्या कष्टाने याने अभ्यास केला असता तर कलेक्टर झाला असता.

खाडीकडचं दार दुसऱ्या अर्ध्या भागात. तिथे सरकती जाळी आणि मोठं कुलूप. अण्णा जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्याने बघायचा प्रयत्न करू लागले.

‘तुला दिसतंय?’ त्यांनी विचारलं.

मी जाळीला तोंड लावलं. आत अंधार, सिमेंट कालवायचं यंत्र, एक मोडकी खुर्ची, आणि पलीकडे दाराची एक कड. चिऱ्यावर आडव्या आडव्या सावल्या.

‘दिसतंय,’ मी म्हटलं. ‘रेघा आहेत. सगळ्या आहेत.’

‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘कुलपात आहेत म्हणजे सुरक्षित आहेत. बाहेरच्या भिंतींसारखं नाही होणार.’ त्यांनी पान जाळीत अडकवलं. रखवालदाराला या वर्षी खाकी शर्ट मिळाला होता. तो लांबून बघत होता आणि आपल्याला का नाही दिलं म्हणून जरा रुसलेला दिसला.

दाराशी एक अभिप्राय वही होती. लोकांनी त्यात ‘छान’, ‘मस्त’, ‘पाण्याची सोय नाही’ असं लिहिलेलं. मी खुर्ची ओढली, दीड पान लिहिलं आणि खाली नाव-गावासकट सही केली. पण माझं पोट दीड पानाने भरणारं नाही. घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी पत्र लिहायला बसले. हा आमच्या घराचा जुना रोग आहे. नळाला पाणी आलं नाही, रस्त्याला खड्डा पडला, कोणी शुद्धलेखनाची हत्या केली, की अण्णा संपादकांना पत्र लिहीत. आम्ही रस्त्यावर कधी उतरलो नाही, कोणाशी भांडलो नाही. आम्ही पत्र लिहितो, आणि ते छापून आलं की काम झालं असं समजतो.

मी लिहीत होते, एकेक परिच्छेद वाचून दाखवत होते, आणि अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. तोफ, खलाशी, टाइल्स यांवर मी भरपूर तोंडसुख घेतलं होतं. भिंतींवरच्या नावांशी आल्यावर ते म्हणाले, ‘इथे कमी पडतंय. तू नुसता राग व्यक्त करतेस. मागणी काय ते स्पष्ट लिहायला हवं. मोघम लिहिलं की सरकारी माणसाला पळवाट मिळते.’

‘मग काय लिहू?’

त्यांनी थोडा विचार केला आणि वर्गात सांगावं तसं सावकाश सांगितलं, ‘लिही. भिंतींवरच्या या ओरखड्यांपैकी एकही रेघ शिल्लक राहता कामा नये.’

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. ‘आता झालं,’ ते म्हणाले.

पत्र छापून आलं, अगदी चौकटीत. वरून उपसंपादकाने मथळाही जोरदार दिला. चार ओळखीच्यांचे फोन आले, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी कात्रण मोबाइलवर फिरवलं, आणि आठवडाभर मी अलिबागच्या बाजारात जरा ताठ मानेने फिरले. हे सांगताना आज माझी मलाच लाज वाटते. पण फिरले हे खरं आहे.

तिसऱ्या दसऱ्याला अण्णांना फक्त उजेड आणि सावली कळत होती. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली होती. ‘बघणं राहिलं,’ ते गाडीत म्हणाले, ‘पण हात आहे ना. हाताला रेघ लागली तरी मला पुरे.’ त्यांनी मुद्दाम पांढरा शर्ट घातला होता, बाह्यांना इस्त्री केलेला. खिशात पान.

या वेळी कोठी पूर्ण उघडली होती. सरकती जाळी गेली होती. आत पाऊल टाकलं आणि नाकात पॉलिशचा वास गेला, नव्या लाकडी कपाटाला येतो तसा, डोकं दुखवणारा. सगळे चिरे ओले असल्यासारखे चमकत होते. नावं नव्हती. बदाम नव्हते. ‘फुल धमाल’ नव्हतं. भिंती कशा, तर न्हाव्याने गुळगुळीत केलेल्या. मला क्षणभर, खरंच क्षणभर, बरं वाटलं. वाटलं, पत्राचा उपयोग झाला.

‘आलाव? या या!’ रखवालदार पुढे आला. आता त्याच्या शर्टावर बिल्लाही होता. ‘म्याडम, तुमची वाट बघत व्हतो. तुमचाच कागद लावलाय बघा.’

तिकिटाच्या खिडकीशेजारी, काचेच्या चौकटीत, माझं पत्र होतं. कात्रण मोठं करून छापलेलं, खाली माझं नाव. त्याच्याखाली ‘नागरिकांच्या सूचनेची तात्काळ दखल’ अशी ओळ.

मी अण्णांचा हात धरून त्यांना खाडीकडच्या दाराशी नेत होते. दार लांबूनच दिसत होतं. दोन्ही बाजूंचे चिरे चमकत होते. मी थांबले, पण अण्णा थांबले नाहीत. त्यांना जमीन पाठ होती. पाच पावलं चालून त्यांनी आपणहून उजवा हात पुढे केला आणि तळवा दगडावर ठेवला.

हात वर गेला. खाली आला. बाजूला सरकला. बोटं एकेक करून फिरू लागली, मुलाच्या डोक्यातल्या उवा शोधाव्यात तशी, धीराने.

‘हे दुसरं दार आहे का?’ अण्णांनी विचारलं.

‘नाही, अण्णा.’

रखवालदार आमच्या मागोमाग आला होता. त्याला वाटलं, कामाची पाहणी चालली आहे. ‘हात लावून बघा बाबा, कसा लोण्यावानी झालाय,’ तो कौतुकाने म्हणाला. ‘तुमचा कागद पेपरात आला आन् पंधरा दिसांत सायेब लोक आलं. म्हनाले, सगल्या भिंती साफ करा. मशीन लावला. आठ दिस नुसती लाल धूल. बाहेरच्या भिंतींचा काय न्हाय, पर या दारावं तर काय इचारू नका. खालपासून वरपरयंत पोरांनी नुसत्या रेघाच मारलेल्या. जुनाट, खोल. कंत्राटदार म्हनाला, ह्या ऱ्हाऊ दे, कोनाला दिसतायत. मीच म्हनालो, न्हाय, म्याडमनी लिव्हलंय.’ आणि त्याने ते म्हणून दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचून दाखवून त्याला पाठ झालं होतं. ‘भिंतींवरच्या या ओरखड्यांपैकी एकही रेघ शिल्लक राहता कामा नये.’

अण्णांचा हात थांबला.

त्या रेघा कोणाला खरडलेल्या वाटतील, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आमच्या लेखी ती हजेरी होती. खरडतात ते बाहेरचे, पर्यटक, अडाणी, भेळ खाणारे. दोन शिकलेली माणसं, एक मास्तर आणि एक बँकेतली अधिकारी, भर दुपारी पंख्याखाली बसून, शुद्ध मराठीत, आपल्याच माणसाची शेवटची खूण पुसायचा हुकूम लिहितात आणि वर स्वच्छ अक्षरात सही करतात. तोफ, खलाशी, डायपर, सगळ्यांना मी नावं ठेवली होती. त्यांतल्या कशानेही मोठ्या काकांना हात लावला नव्हता. मला शिसारी आली. ती नेहमीसारखी कोणाकडे बोट दाखवून मोकळी होता येईना, कारण जिथे बोट दाखवायचं तिथे चौकटीत माझंच नाव होतं.

‘पुन्हा म्हणा हो ते वाक्य,’ अण्णा रखवालदाराला म्हणाले.

त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

‘वाक्य माझं आहे,’ अण्णा म्हणाले. ‘हिचं नाही.’

रखवालदाराला काही समजलं नाही. तेवढ्यात बाहेर तोफेवरून एक पोरगं पडलं आणि तो शिट्टी फुंकत तिकडे धावला.

‘अण्णा,’ मी म्हटलं, ‘चुकलं आपलं.’

‘रडू नकोस. काम कर.’ त्यांनी काठी माझ्या हातात दिली, चाचपडत पाठ फिरवली, आणि चिऱ्याला पाठ लावून उभे राहिले. टाचा दगडाला टेकवल्या. हनुवटी वर. ऐंशी ओलांडलेला माणूस मास्तरांसमोर उभा राहावा तसा उभा राहिला. मग त्यांनी वरून बटणं मोजली. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर बोट ठेवलं. ‘इथे. तळवा आडवा धर, पाटीसारखा.’

मी तळवा बटणाच्या उंचीवर धरला आणि दगडाला टेकवला.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘मी आता वाकलोय. खुजा झालोय. दोन बोटं वर घे, नाहीतर दादा लहान होईल.’

मी दोन बोटं वर घेतली. ते खरोखर दोन बोटं खुजे झाले होते की तीन, कोण सांगणार? त्यांना बाजूला करून मी पर्समधून घराची चावी काढली आणि दगडावर टेकवली. आयुष्यात मी शाळेच्या बाकावरही कधी काही कोरलं नाही. पहिल्यांदा चावी पॉलिशवरून घसरली. मग जोर लावला तेव्हा पॉलिशचा पापुद्रा सुटला आणि आतून लाल भुकटी पडायला लागली, माझ्या मनगटावर, अण्णांच्या पांढऱ्या बाहीवर.

‘झाली?’ त्यांनी विचारलं.

‘झाली.’

त्यांनी बोट फिरवलं. रेघ वाकडी होती. त्यांनी ती दोनदा चाचपली. खिशातून पान काढलं आणि भोक शोधू लागले. पण चिऱ्याची भोकंसुद्धा त्या लोकांनी पुट्टी भरून बुजवली होती. पान खाली पडलं. पुन्हा उचलून दिलं, पुन्हा पडलं. मग मी चावी उभी धरली आणि रेघेच्या लगत टोकरायला सुरुवात केली.

‘ओ म्याडम! ओ! काय करताव?’ रखवालदार परत आला होता. तोंड उघडं, हातात शिट्टी. त्याला राग आलेला नव्हता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी चांगलं ओळखते. मी ते तोंड आयुष्यभर वागवलंय. ‘शिकल्यासवरल्याली मानसं तुमी, आन्...’

‘एक मिनिट,’ मी म्हटलं आणि टोकरत राहिले. अण्णांनी पान खोचलं, त्यावर तळवा ठेवला, आणि आम्ही निघालो. रखवालदाराने आम्हाला अडवलं नाही. दारापर्यंत तो नुसता आमच्याकडे बघत राहिला.

गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाले, ‘पुढच्या दसऱ्यापर्यंत राहील का ग ती?’

मी ‘राहील’ म्हटलं. पण मला ठाऊक आहे. त्याआधीच कोणीतरी नीटनेटकं, शिकलंसवरलेलं माणूस कोठी बघायला येईल. दारावरची ती वाकडी रेघ आणि ओबडधोबड भोक त्याला दिसेल, त्याला शिसारी येईल, आणि घरी जाऊन ते पत्र लिहील.